टनात बोलणारे काका

टनकाकांना किलोची चीड होती. भाजीवाल्यापुढे नाइलाज म्हणून ते अर्धा किलो भेंडी मागत, पण एरवी जगातली कुठलीही गोष्ट टनात मांडल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नसे. सोसायटीतल्या कुणाच्या मुलीच्या लग्नाहून आले आणि आम्ही विचारलं, "काय काका, जेवण कसं होतं?" तर म्हणायचे, "जेवण उत्तम. पण हा हॉलवाला सीझनभरात टनभर रिकाम्या बाटल्या काढत असणार. जातात कुठे त्या?" नवरी कशी दिसत होती हे त्यांच्याकडून कुणालाही कधी कळलं नाही.

खरं आडनाव राऊत. परळची खोली विकून ते मीरा रोडला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. भाईंदर पूर्वेला, खाडीच्या अंगाला असलेल्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा मोठा कारखाना होता. काका तिथले मॅनेजर. आजूबाजूच्या गाळ्यांत दिवसभर स्टीलची ताटं-वाट्या ठोकल्या जायच्या. काकांच्या कारखान्यात दाबून गठ्ठे बांधलेल्या बाटल्या ट्रकने यायच्या, निवडल्या जायच्या, गरम पाण्यात धुतल्या जायच्या, आणि दुसऱ्या टोकाला त्यांचा काचेसारखा चुरा पडायचा. त्या चुऱ्याचा पुढे धागा होई. काका घरी येताना कधी कधी तो चुरा रुमालात बांधून आणत आणि लिफ्टमध्येच रुमाल सोडून दाखवत. "बघा मॅडम, साखर." मी कॉलेजच्या लायब्ररीत होते, म्हणून ते मला मॅडम म्हणायचे. पुस्तकंसुद्धा वर्षाला किती टन रद्दीत जातात, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

या सगळ्याचा हवामानाशी संबंध काय, हे ते कुणालाही, कुठेही समजावून सांगत. रिक्षाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसालाही. जमिनीतून तेल उपसून नवी बाटली करायची तर भरपूर इंधन जाळावं लागतं. जुनीपासून करायची तर त्याहून पुष्कळ कमी. जेवढं कमी जाळलं, तेवढा धूर आभाळात गेला नाही, तेवढं आभाळ तापलं नाही. एवढंच. "पण हे एका बाटलीचं गणित नाही," ते बजावायचे. "आभाळाला तुमची कापडी पिशवी दिसत नाही. आभाळाला टन दिसतात." रिक्षा येई, माणूस बसे, आणि काका उरलेलं वाक्य रिक्षाच्या नंबरप्लेटला ऐकवत.

भपक्याशी त्यांचं वैर होतं आणि आमची दोस्ती त्यावरच जमली. एका पर्यावरण दिनाला आमच्या सोसायटीने बाटल्यांपासून पेनस्टँड करण्याची स्पर्धा ठेवली. प्रमुख पाहुणे आले, त्यांची गाडी फाटकापाशी एसी चालू ठेवून कार्यक्रमभर धडधडत उभी राहिली. पाहुण्यांनी पृथ्वीमातेवर बरंच सांगितलं. नंतर काकांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. काका उठले, म्हणाले, "बाटलीचा पेनस्टँड केला म्हणजे बाटली वाचली नाही, नुसती लांबणीवर पडली. दिवाळीच्या सफाईत तो पेनस्टँडही कचऱ्यातच जाणार. आणि ती बाहेरची गाडी जरा बंद करायला सांगा." आणि बसले. चेअरमन शहाभाईंनी आभार मानताना काकांचं नाव वगळलं.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण काका गमतीत नव्हते. डंपिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली की धूर आमच्यापर्यंत यायचा, आणि काकूंचा दमा उसळायचा. दारं-खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबून, बाहेर मे महिना आणि आत भट्टी अशा खोलीत काकू पाठीमागे उशी लावून बसलेल्या असायच्या, छाती भात्यासारखी. काका त्यांच्या पायाशी बसून राहायचे. अशाच एका दुपारी मी औषध घेऊन गेले, तेव्हा ते म्हणाले, "त्या धुरात माझा माल जळतोय, मॅडम. जो माझ्याकडे यायला हवा होता, तो हिच्या फुप्फुसात चाललाय." मग म्हणाले, "आपण फार उशिरा निघालोय. आणि वर रमतगमत चाललोय." हे ते पंख्याकडे बघत म्हणाले. मी फटीतला पंचा पुन्हा ओला करून कोंबला.

त्याच वर्षी पावसात भरतीचं पाणी रस्त्यावर चढलं आणि तळमजल्यावर सेक्रेटरी सोनकांबळ्यांच्या घरात शिरलं. सोनकांबळे मूळचे नांदेडकडचे, सरकारी नोकरीत. पाण्यात तरंगणारी चप्पल उचलत ते म्हणाले, "आमच्या गावाला प्यायला पाणी नाही, आणि इथं पलंगाखाली खाडी." काका गुडघाभर पाण्यात त्यांचं धान्य वर नेऊन ठेवत होते. एरवी अशा वेळी ते आकडा सांगायचे. त्या दिवशी सांगितला नाही.

आणि नेमका तेव्हाच कारखाना डळमळायला लागला. तेल स्वस्त झालं तसं नवं प्लास्टिक जुन्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. त्यात येणारा माल घाणेरडा: बाटल्यांना डाळ-भाजीचा राडा, आत तंबाखूच्या पिचकाऱ्या, चिकटलेले डायपर. तो धुऊन काढण्यात वाचवलेलं इंधन पुन्हा जळायचं. धागेवाल्या गिऱ्हाइकाने नाक मुरडलं. शेठने काकांना बोलावून सांगितलं, की दिवाळीपर्यंत बघू. स्वच्छ माल नियमित आला आणि गिऱ्हाइकाने करार केला तर मशीन चालेल, नाही तर मशीनच भंगारात जाईल. जुन्या वस्तूंना नवा जन्म देणारं मशीन भंगारात काढायचं, हा विनोद शेठच्या लक्षात आला नाही. काकांच्या आला, पण ते हसले नाहीत.

स्वच्छ माल कुठून आणायचा? घराघरांतून, उगमावरच वेगळा काढलेला. म्हणजे टनाचा माणूस किलोच्या दारात जाऊन उभा राहिला. शांती-पार्क, अमुक-नगर, तमुक-कॉम्प्लेक्स अशा सोसायट्यांमधून संध्याकाळी मीटिंगा लावून काका बोलायला लागले. पहिल्या सभेत त्यांनी नेहमीचं सांगितलं: तेल, इंधन, आभाळ, टन. लोक मोबाइल बघत होते. एका बाईंनी विचारलं, "पण काका, आमच्या नळाला प्रेशर नाही, त्याचं काय?"

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, बायकांना टन कशाला सांगता? घरातलं सांगा. स्वयंपाकघरात कसं असतं तसं."

पुढची सभा आमच्याच सोसायटीत. काका उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आजपासून दोन ड्रम. हिरव्यात ओलं, म्हणजे उष्टं, खरकटं, साली, काटे. निळ्यात सुकं. निळ्यातला माल कचरा नाही, हे लक्षात ठेवा. धुतलेली, सुकवलेली, स्वच्छ वस्तू आहे ती. ती चांगल्या ठिकाणी जाते, तिचा पुनर्जन्म होतो. तिला उष्ट्याचा स्पर्श होऊ देऊ नका."

टाळ्या पडल्या. पेनस्टँडच्या दिवशीही पडल्या नव्हत्या इतक्या.

लिफ्टपाशी उभं असताना मी म्हटलं, "काका, पुनर्जन्म? तुम्ही?"

"लाज वाटली हो," ते म्हणाले. "पण काय करू? वितळणबिंदू सांगून कुणी टाळी देत नाही."

आणि खरंच, चक्र फिरलं. बायका दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालू लागल्या. जिग्नाबेन, आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या, बाटलीवरचं लेबलसुद्धा नखाने खरवडून काढायच्या. कुणी निळ्या ड्रममध्ये केळ्याचं साल टाकलं तर त्या गॅलरीतून ओरडायच्या, "अरे ओ भाई! वो चोक्खा डब्बा है, उसमें एठा मत डालो!" एठा म्हणजे उष्टं. दिवाळी लांब होती, तरी एका सकाळी निळ्या ड्रमपुढे छोटी रांगोळी काढलेली दिसली. हिरव्या ड्रमकडे मात्र लोक नाकाला रुमाल लावून, लांबून नेम धरून फेकू लागले. सोनकांबळे एकदा दोन्ही ड्रमांकडे बघत माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "बघा मॅडम, वरची आळी आणि खालची आळी. कचऱ्यालासुद्धा जमली." मी हसले. ते हसत नव्हते.

उरलेल्या पावसाळ्यात माल असा सुरेख गेला की काका चौथ्या मजल्यावर जिन्याने चढायला लागले. गिऱ्हाइकाने नमुने मागवले, पसंत केले. दसऱ्यानंतर तो स्वतः येणार, आलेल्या ट्रकमधला कुठलाही गठ्ठा आपल्या हाताने निवडणार, आपल्यासमोर धुऊन घेणार आणि मग करार करणार, असं ठरलं. काकांनी सोसायट्यांतल्या लोकांनाही बोलावलं. "तुमचा माल आहे, तुम्ही बघायला या." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीतरी साजरं करावंसं वाटत होतं.

आणि मध्ये दसरा आला.

दसऱ्याला आमच्या इथे झेंडूचा महापूर येतो. दाराला तोरण, गाडीला माळ, देवाला हार, टीव्हीला, मिक्सरला, वॉशिंग मशीनला एकेक फूल, वर हळद-कुंकू. शिवाय नवरात्रात घटावर चढलेल्या रोजच्या माळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळं कोमेजतं आणि प्रश्न येतो, की टाकायचं कुठे? पूर्वी लोक पुलावरून खाडीत टाकायचे. काकांनीच त्यावर इतकं सुनावलं होतं की आता शरम वाटायची. मग राहिले दोन ड्रम. हिरव्यात मासळीचे काटे, अंड्याची टरफलं, कालचं खरकटं. देवाच्या गळ्यातला हार कुणी त्यात टाकेल का? निळा ड्रम स्वच्छ. त्याला उष्ट्याचा स्पर्श नाही. तिथलं सगळं चांगल्या ठिकाणी जातं.

कुणी कुणाला विचारलं नाही. प्रत्येक घराने आपापलं ठरवलं आणि सगळ्या घरांनी तेच ठरवलं. निर्माल्य नीट, धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून, हात जोडून, निळ्या ड्रममध्ये. बाहेरून पाहणाऱ्याला ती दुधाचीच पिशवी. गोळा करणाऱ्यांनी ती बाटल्यांबरोबर दाबली, गठ्ठे बांधले आणि ऑक्टोबरच्या उन्हात ताडपत्रीखाली ठेवून दिले.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी आम्ही टेम्पो करून कारखान्यात गेलो. बायकांनी चांगल्या साड्या नेसल्या होत्या. शहाभाईंनी कापडी बॅनर आणला होता, त्यावर पृथ्वी होती आणि पृथ्वीपेक्षा मोठा त्यांचा फोटो. गिऱ्हाईक म्हणजे एक शांत, सडपातळ गृहस्थ, पांढरा शर्ट, कमी बोलणारे. त्यांनी एका गठ्ठ्यावर बोट ठेवलं. काका म्हणाले, "कुठलाही घ्या साहेब. सगळे सारखेच."

तार तोडली. गठ्ठा उकलला आणि वास आला.

झेंडू कुजून काळा लगदा झाला होता. तो दाबाखाली बाटल्याबाटल्यांत शिरला होता, वर तुपाचा आणि तेलाचा चिकटा, आणि सगळ्यावरून हळदी-कुंकवाचे ओघळ. निवडणाऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. काका जागच्या जागी उभे होते. मग एकदम ओरडले, "टाका! मशीनमध्ये टाका! गरम पाण्यात सगळं निघतं!"

"साहेब, नाही निघायचं," ऑपरेटर म्हणाला.

"टाक म्हणतो ना!"

धुण्याचं पाणी आधी पिवळं झालं, मग तांबडं. दुसऱ्या टोकाला चुरा पडायला लागला. साखर नव्हती ती. गिऱ्हाइकाने मूठभर घेतला, तळहातावर पसरला, नाकाशी नेला आणि सांडणार नाही अशा बेताने परत ठेवला. "दुसरा गठ्ठा बघा ना," काका म्हणाले. "साहेब, एक दुसरा बघा." दुसरा उघडला. तिसरा उघडला. सगळे सारखेच होते.

आमच्या बाजूला वेगळाच गलका चालला होता. "अगं बाई, ती माझी वेणी! घटावरची!" "देवाचे हार मशीनमध्ये घालतात हे?" जिग्नाबेन रडवेल्या होऊन काकांपुढे आल्या. "काका, आप ही बोले थे ना, चोक्खा रखने का? हमने चोक्खा रखा. भगवान का था, वो एठे में कैसे डालते?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता फुटतील. ते इतकंच म्हणाले, "नाही कसं टाकणार. बरोबर आहे तुमचं." मग हात पुढे करून लगद्यातला एक अर्धवट सुटा झेंडू उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचल्यासारखे धरून उभे राहिले. शहाभाईंचा बॅनर उलगडायचा राहिला, एवढंच काय ते त्या दिवशी चांगलं झालं.

दिवाळीआधी मशीन बंद झालं. काका शेठकडे रोज जात होते, मुदत मागत होते. निर्माल्याला तिसरा ड्रम ठेवू, घरोघर पुन्हा फिरू, माझा पगार नको. शेठ वाईट माणूस नव्हता, पण त्याला एक नवं गिऱ्हाईक मिळालं होतं: भंगारवाला. गॅस कटरने मशीन कापलं जात असताना काका तिथे होते म्हणे. किती टन भरलं, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

त्या थंडीत डंपिंगला पुन्हा आग लागली. काकूंना दोनदा ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ही हवा सोडा. कोल्हापूरला मुलीकडे जायचं ठरलं.

सोसायटीने निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ आणि झेंडूचा भला मोठा हार. शहाभाई "पर्यावरणाचे शिलेदार" वगैरे बोलले. काकांना बोलायला सांगितलं तेव्हा ते नुसते हात जोडून उभे राहिले. कार्यक्रम संपला. लोक बटाटेवडे खात असताना काका गळ्यातला हार काढून हातात घेऊन फाटकाकडे चालू लागले. ते ड्रमांपाशी थांबले. त्यांनी हिरव्या ड्रमचं झाकण उघडलं आणि खरकट्यावर तो हार हळूच ठेवला, निजलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसा.

"अहो काका," मागून कुणीतरी बाई कळवळून म्हणाल्या, "सत्काराचा हार, उष्ट्यात?"

"त्याची जागा तीच आहे, ताई," काका म्हणाले. सोनकांबळे पुढे झाले आणि त्यांनी झाकण लावलं.

आता आमच्याकडे ड्रम दोन आहेत आणि गाडी एक. हिरवा आणि निळा एकाच पोटात रिकामे होतात, आणि ती गाडी डोंगराकडे जाते. खालच्या रस्त्यावर पाणी आता पौर्णिमेच्या भरतीलाही चढतं, पाऊस नसला तरी. बायकांनी बाटल्या धुणं सोडलं, आणि त्यांना दोष द्यायचा तर कुठल्या तोंडाने? मी मात्र अजून धुते. का, ते विचारू नका. लेबलं काढते, सुकवते, चेपते आणि गॅलरीत एका पिशवीत भरते. न्यायला कुणी येत नाही.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. काकू कशा आहेत विचारलं. "आहे," म्हणाले. मग, "मॅडम, धुताय का अजून?"

"धुतेय."

"साठलं काही?"

"एक पिशवी."

मला वाटलं आता चिडवतील. पेनस्टँड आठवला. पण पलीकडून ते फार मऊ आवाजात म्हणाले, "असू दे. असू दे. किलोभर तरी असेल ना?"

"असेल," मी म्हटलं.

फोन ठेवून मी गॅलरीत गेले आणि पिशवी हातात धरून पाहिली. किलोभरही नव्हती.